खडू पिळला तर

३ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या लेकीच्या, स्मृतीच्या, मागच्या वर्षीच्या वह्यांत ही एक कोरी सापडली. पहिल्या पानावर तिने नाव घालून ठेवलं आहे, नववी ब. ते तसंच राहू दे. बनशंकरीहून सातची मेट्रो पकडली की साडेसातला इथे पोचते, आणि नऊपर्यंत कक्षात कोणी नसतं. तेवढ्यात लिहायचं.

आमचा अध्यापन साहाय्य कक्ष म्हणजे ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत दयानंद आणि त्याचा कॅमेरा. विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे धडे चित्रित करायचे, पोर्टलवर चढवायचे, धड्याला छोट्या चाचण्या जोडायच्या, कोणती मुलं काय बघतात त्याचे आकडे काढायचे, हे आमचं काम. पाच वर्षं झाली.

आज डीन रघुनंदन सरांनी बोलावलं होतं. दुसऱ्या वर्षाचा पदार्थबल हा विषय. तुळई किती वाकेल, दांडा कधी तुटेल, हे शिकवणारा. गेल्या वेळी एकशेवीस मुलांपैकी शेहेचाळीस नापास. सर म्हणाले की बाहेरच्या एका कंपनीचे तयार धडे मिळतात, पुढच्या वर्षापासून तेच लावू. शिकवणारे शेषगिरी सर मग परीक्षा विभागात जातील. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, कागद तपासतील निवांत.

मी म्हटलं, मला एक सत्र द्या. त्यांचेच धडे आम्ही पोर्टलवर नीट आणू, मग निकाल बघा. कसं म्हटलं गेलं कोण जाणे. रघुनंदन सर हसले. जूनमध्ये समितीची बैठक आहे, तोपर्यंत दाखवा म्हणाले.

घरी गेल्यावर स्मृतीला विचारलं, कशी गेली गणिताची परीक्षा? भूमिती होती ना, म्हणजे बरी गेली असेल. आणि डबा का परत आला, भाजी आवडली नाही वाटतं? ती आत गेली. या वयात मुली बोलत नाहीत, असं माझा नवरा गिरीराज म्हणतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेषगिरी सरांना भेटले. कार्यशाळेमागच्या त्यांच्या खोलीत लोखंडाचे मोडलेले तुकडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला दोरीने चिठ्ठी बांधलेली. खुर्ची रिकामी करून देताना म्हणाले, “एनम्मा, काय बाई, या वयात मला नटवणार का?” ते कन्नडमध्ये आणि मी माझ्या बेंगळुरी मराठी वळणाच्या कन्नडमध्ये, असं आमचं बोलणं चालतं.

परीक्षा विभागाचं त्यांना माहीत होतं. त्यावर एक तुकडा उचलून त्याची चिठ्ठी सरळ करत राहिले. मग अटी सांगितल्या. फळा पाहिजे, पांढरा बोर्ड नको. आणि समोर चार तरी मुलं पाहिजेत, भिंतीला शिकवता येत नाही.

मी माझी एक अट सांगितली. कुठलाही धडा सात मिनिटांच्या वर जाणार नाही. दोन वर्षांपूर्वी शिक्षकांसाठी जी मार्गदर्शिका मी लिहिली, तिच्या चौथ्या पानावर हे ठळक अक्षरांत आहे. ते “सरी” म्हणाले, म्हणजे ठीक आहे. पटलं म्हणून म्हणाले की नाही, कळलं नाही. पण म्हणाले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं चित्रण झालं. जुन्या भांडारातून फळा आणवला, चार मुलं समोर बसवली.

सर बोलायला लागले की खोली बदलते हे कबूल केलं पाहिजे. पण एक अडचण आहे. ते प्रश्न विचारतात आणि गप्प होतात. साधं थांबणं नव्हे. तीस सेकंद, चाळीस सेकंद. खिडकीबाहेर बघतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा दयानंदने माइकची वायर हलवून पाहिली. त्याला वाटलं आवाज गेला. मला तर बसल्या जागी घाम आला, मीच उत्तर देऊन टाकावं असं वाटायला लागलं.

एकतीस मिनिटांचं चित्रण. आमच्या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की दीड सेकंदावरची प्रत्येक शांतता आपोआप कापली जाते. दाबलं तर एकतिसाचे एकोणीस झाले. दयानंद म्हणाला, “मॅडम, सरांनी बारा मिनिटं नुसता श्वास घेतलाय की.” मग उदाहरणं घट्ट केली, पुनरुक्ती काढली. सहा मिनिटं पन्नास सेकंद.

इतकी नेटकी चीज गेल्या पाच वर्षांत आमच्या हातून झाली नव्हती. आज मन भरलं आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन धड्यांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. सरासरी शंभरात एक्केचाळीस. डॅशबोर्डवर दिसतं की निम्मी मुलं तिसऱ्या मिनिटाला निघून जातात.

वाईट वाटलं, पण यातून मार्ग काढता येईल. पुढच्या धड्यात आकृत्यांना रंग देऊ, बलाच्या दिशेचे बाण हलते ठेवू, सुरुवातीला थोडं संगीत. आणि आणखी लहान करू. पाच मिनिटं.

सरांना पहिला धडा दाखवला. हात मागे बांधून उभ्याने पाहिला. संपल्यावर म्हणाले, “छान आहे. पण हा गृहस्थ फार घाईत दिसतो. बस चुकेल का त्याची?” दयानंद हसला. मीही हसले. थट्टा करायची सवयच आहे त्यांना.

१० मार्च, सोमवार

धडा तीन, रंगीत. धडा चार, रंगीत आणि संगीतासह. सरासरी एकोणचाळीस.

रघुनंदन सर जिन्यात भेटले. म्हणाले, संयोगिता मॅडम, तुमच्या सिनेमाला प्रेक्षक नाहीत असं ऐकतो. मी म्हटलं, अजून तीन महिने आहेत. ते म्हणाले, आहेत ना, आहेतच. आणि जिना उतरले.

शनिवारी सबंध दुपार मी धडा चार परत परत पाहिला. एक चूक दाखवता येत नाही. सगळं आहे त्यात. मुलांना आणखी काय हवं?

स्मृतीला विचारलं, तुझ्या वर्गातल्या मुलींना कसले व्हिडिओ आवडतात? लहान असतील तेच ना? ती म्हणाली, हो.

१८ मार्च, मंगळवार

आवाज पूर्ण बसला. रविवारपासून घसा धरला होता, काल सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टरांनी तीन दिवस एक शब्द बोलू नका म्हणून सांगितलं. पाटीवर लिहून काम चालवते आहे.

नेमका दयानंद चिकोडीला, मेव्हण्याच्या लग्नाला. पाचवा धडा काल चढवायचाच होता, वेळापत्रकात दिलेला. त्याच्या संगणकावर मी स्वतः बसले, फाइल शोधली, चढवली, चाचणी जोडली. डोकं ठणकत होतं. झालं एकदाचं.

घरी एक गंमत झाली. मी चपात्या लाटत होते, स्मृती ओट्याला टेकून उभी होती. बराच वेळ नुसती उभी होती. मग म्हणाली की सिद्धी हैदराबादला गेली, तिच्या बाबांची बदली झाली. सिद्धी म्हणजे हिची पहिलीपासूनची मैत्रीण. कधी, असं मी पिठाच्या हातानेच विचारलं. म्हणाली, डिसेंबरात. तेव्हापासून ती डबा एकटीच खाते, म्हणून खाल्ला जात नाही.

डिसेंबरात. मी रोज विचारत होते की.

२० मार्च, गुरुवार

आवाज अजून नाही. कालही स्मृती जेवणानंतर तासभर बोलली. भूमितीच्या बाई चिडतात त्याबद्दल, तिला चित्रकला घ्यायची आहे त्याबद्दल. मी नुसती मान हलवत होते. आजारी माणसाची दया येत असावी तिला. बरं वाटलं.

२६ मार्च, बुधवार

काहीतरी घोळ आहे. पाचव्या धड्याच्या चाचणीची सरासरी एकाहत्तर आली आहे.

एकोणचाळिसावरून एकाहत्तर, एका आठवड्यात? एकशेसोळा मुलांनी तो धडा शेवटपर्यंत पाहिला असं डॅशबोर्ड म्हणतं, काहींनी तीनतीनदा. असं होत नसतं. दयानंदला आकडे तपासायला सांगितले. तो म्हणाला, आकडे बरोबर आहेत.

मग एकच शक्यता उरते, उत्तरं फुटली. चाचणीचे प्रश्न मला आणि शेषगिरी सरांनाच माहीत होते. सरांना परीक्षा विभागात जायचं नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी वर्गात इशारा दिला असेल का? असं लिहितानाही लाज वाटते. पण समितीपुढे खोटे आकडे घेऊन मी जाणार नाही.

पाचवा धडा पोर्टलवरून काढला. नव्या प्रश्नांची फेरचाचणी लावली. सरांना पत्र पाठवलं, शक्य तितक्या मऊ शब्दांत, की चाचणीपूर्वी प्रश्नांची चर्चा वर्गात झाली होती का.

२८ मार्च, शुक्रवार

सर पत्राचं उत्तर द्यायला स्वतः आले. दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात माझ्या पत्राची छापील प्रत होती, चार घड्या घातलेली.

“तेहेतीस वर्षांत मी मुलांना उत्तर कधी सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. “तीच तर माझ्याविरुद्धची तक्रार आहे.”

कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. आज सहाव्या धड्याचं चित्रण होतं. फळा पुसून ठेवला होता, चार मुलं येऊन बसली होती. सर आले नाहीत.

३० मार्च, रविवार. उगादी

इथला पाडवा. कडुनिंब आणि गूळ. माझ्या वाटणीला आज निंबाचंच पान जास्त आलं. दिवसभर ते पत्र मनातून जात नाही. शब्द मऊ होते हे खरं, पण आरोप तो आरोपच.

२ एप्रिल, बुधवार

फेरचाचणीची सरासरी सत्तर. नवे प्रश्न, मी एकटीने काढलेले, कुणालाही न दाखवलेले.

म्हणजे सरांनी काही केलं नव्हतं. मुलांना तो धडा खरोखर आला होता.

दुपारी एक मुलगी कक्षात आली. चित्रणाच्या वेळी समोर बसणाऱ्या चौघांपैकी. गंगव्वा नाव, रायबागकडची. नाव आजीचं आहे असं तिने आपणहून सांगितलं, बहुतेकांना सांगावं लागत असणार. मी फोनवर गिरीराजशी मराठीत बोलत होते ते ऐकून तिचा चेहरा सैल झाला.

“अक्का, ते पाचवं परत लावा की. तेवढंच कळत होतं.”

मी विचारलं, तेवढंच का? बाकीच्यांत काय कमी आहे? चित्रं कमी आहेत का, आवाज नीट येत नाही का, की इंग्रजी...

ती मी थांबायची वाट बघत होती. मग म्हणाली, “बाकीच्यात सर गप बसत न्हाईत. पाचव्यात बसत्यात. ते गप बसले की आमी खडू घिऊन बघतो. हॉस्टेलात सगळ्या पोरींनी खडू मोडले, अक्का. वॉर्डनबाई वरडल्या.”

ती गेल्यावर मी दयानंदच्या संगणकावर फाइल उघडली. माझ्याच हातून चढलेली. घसा बसलेल्या दिवशी मी चुकून कच्चं चित्रण चढवलं होतं. एकतीस मिनिटं चार सेकंद. एक क्षणही न कापलेलं.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी पाचवा धडा पूर्ण पाहिला. कापायच्या नजरेने नव्हे, बघायला म्हणून, पहिल्यांदाच.

सर एक खडू दोन्ही हातांत धरून वाकवतात. तो सरळ आडवा तुटतो. तुकडे दाखवतात. मग दुसरा खडू घेतात आणि विचारतात, आता हा वाकवायचा नाही, ओला कपडा पिळतो तसा पिळायचा. कसा तुटेल?

आणि गप्प.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. ड्रॉवरमध्ये खडूचा डबा होता, त्यातला एक घेतला. मला उत्तर माहीत असायला हवं होतं, मी भौतिकशास्त्राची आहे. पण मी हातातल्या खडूकडे बघत राहिले आणि मला ते माहीत नव्हतं. बोटांना जोर द्यावा लागला. तुटला तो तिरका, वळत गेलेला, टोक गोगलगाईच्या शंखासारखं. तेवढ्यात पडद्यावर सर बोलायला लागले की खडू दाबला तर टिकतो, ओढला तर लगेच तुटतो, आणि पिळताना सगळ्यात जास्त ओढ तिरकी बसते. ते वाक्य माझ्या हातातल्या तुकड्यावर येऊन बसलं. सात मिनिटांच्या धड्यांतही हीच वाक्यं होती. बसायला जागा नव्हती.

आता ते लिहिते, जे मी कुठे लिहिलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मी शिकवणं सोडलं ते स्मृती लहान होती म्हणून, असं सगळ्यांना सांगते. स्मृती तेव्हा सहा वर्षांची होती आणि आई घरी होती. मी सोडलं ते त्या शांततेमुळे. प्रश्न विचारला की वर्गात जी शांतता पडते, साठ चेहरे समोर, ती मला सहन व्हायची नाही. मला वाटायचं, ती माझ्यावरचा निकाल आहे. दोन सेकंद झाले की मीच उत्तर द्यायचे. अकरा वर्षं मी माझ्याच प्रश्नांची उत्तरं दिली.

मग मला एक बटण मिळालं, आणि मी इतरांच्या शांतताही कापायला लागले. वर एक मार्गदर्शिका लिहिली.

४ एप्रिल, शुक्रवार

शेषगिरी सरांकडे गेले. क्षमा मागायची वाक्यं मेट्रोत तयार केली होती. त्यांच्यापुढे उभी राहिल्यावर एवढंच म्हणता आलं, “सर, पत्र चुकीचं होतं. आणि कापणंही.”

ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अवघड गेलं. बाहेर कार्यशाळेत कुणीतरी लोखंड घासत होतं, ते थांबलं, परत सुरू झालं.

शेवटी त्यांनी खुर्चीवरचे तुकडे उचलले आणि मला बसायला सांगितलं. म्हणाले, तुम्ही शिकवत होता का पूर्वी? मी हो म्हटलं. मग म्हणाले, गप्प बसायला त्यांना आठ वर्षं लागली. पहिली आठ वर्षं तेही बडबडतच होते. एकदा असाच घसा बसला म्हणून कळलं.

मला हसू आलं, पण ते का ते त्यांना सांगितलं नाही. स्मृतीचं नवल मी अजून माझ्यापाशीच ठेवलं आहे.

सोमवारी सहावा धडा.

२२ एप्रिल, मंगळवार

एक ते चार धडे न कापता परत चढवले. रंगीत बाण काढले. दयानंदने एक चांगली गोष्ट सुचवली, सर गप्प झाले की पडद्यावर काही हलू नये, कोपऱ्यातलं विद्यापीठाचं चिन्हसुद्धा नाही. मी एकच भर घातली. प्रत्येक धड्याच्या वर एक ओळ: सोबत काय घेऊन बसायचं. खडू, रबर, पट्टी, ओल्या मातीचा गोळा. गंगव्वाने सांगितलं की हॉस्टेलात आता धडा एकाच लॅपटॉपवर आठ-दहा जणी मिळून बघतात आणि सर थांबले की भांडतात.

रघुनंदन सरांनी मार्गदर्शिका उघडून पान चार माझ्यापुढे ठेवलं. हे कुणी लिहिलं, असं विचारलं. मी लिहिलं, म्हटलं. मग तुम्हीच नियम मोडता? मी म्हटलं, नियम चुकला होता. ते म्हणाले, छापून चारशे प्रती वाटल्या आहेत, समितीपुढे तुम्ही हे म्हणणार? आपली मार्गदर्शिका चुकीची म्हणून? तुमच्या कक्षावर कोण विश्वास ठेवेल मग?

भीती वाटली. नाही वाटली असं लिहिलं तर खोटं होईल. पण म्हणणार आहे.

१६ मे, शुक्रवार

सत्राची परीक्षा संपली. अंतिम निकाल दहा दिवसांनी. धडे दहा, चाचण्यांची सरासरी पासष्ट ते बाहत्तर. धडा आठला अठ्ठावन्न. तिथे सर स्वतःच घाईत होते, नातीचा वाढदिवस होता. त्यांनीच सांगितलं आणि परत चित्रण करू म्हणाले.

स्मृतीने चित्रकलेचा अर्ज भरला. गिरीराज इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून आला तो आधी जरा कुरकुरला, मग सही केली. ती मला म्हणाली, “आई, तुझा आवाज गेला होता ना, तेव्हा बरं होतं.” मग घाईने म्हणाली, “म्हणजे बरं नव्हतं. पण बरं होतं.”

मी लगेच काहीतरी म्हणणार होते. नाही म्हटलं.

५ जून, गुरुवार

बैठक झाली. आधी कंपनीच्या माणसाने त्यांचे धडे दाखवले. चकचकीत, प्रत्येक सहा मिनिटांचा. मला ते फार ओळखीचे वाटले.

मग मी. मी आधी एकशेवीसपैकी किती नापास ते सांगितलं. गेल्या वेळी शेहेचाळीस, या वेळी सव्वीस. चमत्कार नाही, एक सत्र आहे, म्हटलं. मग म्हटलं की पहिल्या दीड महिन्यात या मुलांचं नुकसान झालं, ते माझ्यामुळे. मार्गदर्शिकेचं पान चार चुकीचं आहे, ते मी मागे घेते आहे. रघुनंदन सर पेन टोपणात घालत-काढत होते.

मग पर्समधून खडूचा डबा काढला आणि टेबलाभोवती फिरून प्रत्येकापुढे एकेक खडू ठेवला. कुलगुरूंपुढेही. कुलसचिव म्हणाले, मॅडम, पाटी पण देणार का? हशा झाला. मी पाचवा धडा लावला, तेराव्या मिनिटापासून.

कसा तुटेल, असं पडद्यावरच्या शेषगिरी सरांनी विचारलं, आणि गप्प झाले.

बेचाळीस सेकंद आहेत ते. मला पाठ आहेत. पहिल्या दहांत खुर्च्या वाजल्या. कुणीतरी दयानंदकडे पाहिलं, यंत्र अडकलं का म्हणून. कंपनीचा माणूस सहानुभूतीने माझ्याकडे बघत होता. ओठांवर उत्तर आलं होतं, मी जीभ दातांखाली धरली.

विसाच्या आसपास कुलगुरूंनी खडू उचलला. त्यांचा विषय अर्थशास्त्र. त्यांनी तो आधी वाकवून पाहिला नाही, सरळ पिळायला घेतला, आणि तुटेना, तेव्हा कोपर टेबलावर टेकवून जोर लावला. मग शेजारच्यांनी. मग एकेक करून आवाज यायला लागले, बारीक, कोरडे. रघुनंदन सरांचा खडू सर्वांत शेवटी तुटला. त्यांनी दोन्ही तुकडे उजेडाकडे धरले, आणि तेव्हा पडद्यावर शेषगिरी सर बोलायला लागले, तर रघुनंदन सर हळूच म्हणाले, “स्वल्प थांबवा. मला आधी बघू दे.”

दयानंदने चित्र थांबवलं. समितीच्या कागदांवर पांढरी भुकटी पडली होती. ती कुणी झटकली नाही.

९ जून, सोमवार

पत्र आलं. विषय शेषगिरी सरांकडेच राहील, एका वर्षासाठी, प्रयोग म्हणून. मार्गदर्शिका मागे घ्यायची, नवी मी लिहायची, पण समितीच्या मंजुरीने. कंपनीचे धडे दुसऱ्या दोन विषयांना लावणार आहेत. ते मला थांबवता आलं नाही. ते दोन विषय शिकवणारे प्राध्यापक कोण, याची यादी काढली आहे. त्यांना भेटायला जाणार आहे.

सरांना पत्र दाखवलं. वाचून घडी घातली, यावेळी एकच. मग म्हणाले की त्यांच्या विषयाला शुक्रवारी एक सरावाचा तास असतो, चाळीस मुलांचा. दोन वर्षांनी ते निवृत्त होतील, कुणाला तरी आता सवय करायला हवी. तो तास तुम्ही घ्या.

मी म्हटलं, सर, मी नऊ वर्षांत फळ्यापुढे उभी राहिलेली नाही.

त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ही त्यांची युक्ती मला आता ठाऊक आहे, तरी मी अडकले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मीच म्हटलं, सरी.

८ ऑगस्ट, शुक्रवार

तास पावणेनऊला होता. आत्ता दहा वाजलेत आणि बोटांना अजून खडू लागलेला आहे, पानावर डाग पडताहेत.

सत्राच्या सुरुवातीचे दोन शुक्रवार सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. आज ते आले नाहीत. मुद्दाम.

चाळीस मुलं, नवी. मी प्रत्येक बाकावर खडू ठेवले. वाकवलेला खडू कसा तुटतो ते दाखवलं. दुसरा खडू हातात घेतला आणि विचारलं, हा पिळला तर?

शांतता पडली, तीच, नऊ वर्षांपूर्वीची. चाळीस चेहरे. तिसऱ्या सेकंदाला उत्तर घशापर्यंत आलं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं. एक माणूस पाइप धरून झाडांना पाणी घालत होता. मी मोजायला लागले. नऊ. दहा. कुणीतरी खोकलं. चौदा. पाणी घालणारा माणूस पुढच्या झाडाकडे गेला. सोळा. सतरा.

अठराव्या सेकंदाला शेवटच्या बाकावर खडू मोडल्याचा आवाज आला.

मी मागे वळले नाही. आणखी थांबले.